सरपंच साहेब, १०८ येईपर्यंत रक्त कोण थांबवणार?

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यातले सगळे सरपंच, उपसरपंच, सदस्य मंडळी आणि ग्रामपंचायत अधिकारी साहेब
(ज्या गावात सरपंच ताई आहेत पण सही सोडून बाकी कारभार भाऊ बघतात तिथे दोघांनी मिळून वाचावं)

राम राम.

विषय आधी सांगतो, पाल्हाळ नंतर. येत्या ग्रामसभेत एक विषय घ्या. हातापायाची मोठी नस कापली गेली, रक्त धो धो चाललंय, तर गाडी येईपर्यंत ते कसं थांबवायचं हे गावातल्या दहा-वीस माणसांना शिकवायचं आणि त्याला लागणारं थोडं सामान गावात दोन-तीन ठिकाणी ठेवायचं. बस, एवढंच मागणं आहे.

मी डॉक्टर नाही. हायवेच्या फाट्यावर माझं मेडिकल आहे. पण फाट्यावरचं मेडिकल म्हटलं की आजूबाजूच्या गावांत काहीही झालं तरी पहिली मोटारसायकल माझ्याच दुकानासमोर येऊन उभी राहते, आणि उतरणारा माणूस काय मागतो माहितीये? "कापूस द्या, टिंचर द्या, आणि टीटीचं इंजेक्शन आहे का?" मागे पिकअपमध्ये पेशंट, फाळक्यावरून रक्त खाली ठिबकतंय, आणि ह्यांना टीटी पाहिजे. अरे बाबा, टीटी धनुर्वातासाठी असतं, ते दुसऱ्या दिवशी घेतलं तरी चालतं. आणि कापूस म्हणाल तर तो रक्त पितो, अडवत नाही. कापसावर कापूस, त्यावर अजून कापूस, वरून ढिली पट्टी, वरून सगळं पांढरंशुभ्र दिसतं म्हणून मंडळी निवांत, आणि खाली नस चालूच. कापसाच्या मुलखात राहून सांगतो, ह्या कामाला कापूस कुचकामी.

हिशोब करून बघा. धडधाकट गड्याच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं, साधारण किलोमागे सत्तर मिली धरतात. म्हणजे निंदणीला येणारी पंचेचाळीस किलोची बाई असेल तर तिच्यात तीन लिटर, आणि दहा किलोचं पोर असेल तर लिटरभरही नाही. ह्यातलं तीस टक्के गेलं की माणूस ढासळायला लागतो, चाळीसच्या पुढे गेलं की जिवावर बेततं. मांडीतली किंवा जांघेतली मोठी नस पूर्ण उघडी पडली तर हा सगळा खेळ तीन ते पाच मिनिटांत आटोपू शकतो. आता मला सांगा, तुमच्या गावात १०८ पाच मिनिटांत येते का? १०८ वर माझा राग नाही बरं का, २०१४ पासून ही सेवा आहे आणि तिच्यामुळे कितीतरी लोक वाचलेत, पण गाडी काही उडत येत नाही. धडगाव-मोलगीकडे तर अजून असे पाडे आहेत की पेशंटला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदेच्या काठच्या गावांना तरंगता दवाखाना आहे. आणि हायवेवरच्या गावांनी पण फार खूश होऊ नये, कन्नड घाटात नाहीतर बिजासनला ट्रक आडवा झाला की गाडी हायवेवर असूनही तासभर तिथेच. त्यात नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, बायांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, म्हणजे खात्यावर शिल्लकच थोडी आणि तिथूनच पैसे काढायचे.

म्हणून म्हणतो की हे काम गाडी येण्याच्या आधीचं आहे आणि गावाचंच आहे.

आता ओळखायचं कसं. पुस्तकात लिहिलेलं असतं की धमनीचं रक्त लालभडक असतं आणि ठोक्याच्या तालावर पिचकारी मारत येतं, शिरेचं काळपट असतं आणि एकसारखं वाहतं. खरं आहे ते. पिचकारी दिसली की विचार करत बसायचंच नाही. पण पिचकारी दिसली नाही म्हणून धमनी नाही असं समजू नका, कारण जखम खोल असेल तर रक्त आतल्या आत भरून विहिरीसारखं वर येतं, वरून पँट नाहीतर लुगडं असेल तर कापडच पिऊन टाकतं, आणि अंगातलं रक्त कमी झालं की जोरच संपतो, मग पिचकारीची नुसती झिरप होते आणि लोक म्हणतात "थांबलं वाटतं". थांबलेलं नसतं, संपत आलेलं असतं. त्यामुळे रंग बघत बसू नका, किती जातंय ते बघा. जमिनीवर थारोळं साचतंय, कपडा निथळतोय, बांधलेली पट्टी भिजून वरून टपकतेय, हात किंवा पाय तुटलाय, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, ह्यातली एक गोष्ट दिसली तरी पुरे.

आपल्याकडे ह्यात दोन गोष्टी भलत्याच घात करतात. एक आपली काळी माती. फरशीवर पेलाभर रक्त सांडलं तर घर डोक्यावर घेतो आपण, पण कपाशीच्या वावरात लिटरभर सांडलं तरी ती भेगाळलेली माती गपकन गिळून टाकते, वर फक्त ओलसर डाग राहतो. दुसरं म्हणजे रावेर, यावल, चोपड्याकडचे केळी कापणारे मजूर, त्यांचे कपडे केळीच्या चिकाने आधीच असे काळे-तपकिरी झालेले असतात की त्यावर रक्त आहे का चीक हे लांबून कळतच नाही. म्हणून हात लावून बघायचं. मांडीखाली, कमरेखाली, काखेत हात घालायचा आणि हात लाल निघतो का ते बघायचं. माणूस पांढरा पडलाय का हे आपल्या सावळ्या लोकांच्या गालावर दिसत नाही, ओठाच्या आतून, जिभेवर, नखांवर आणि पापणी खाली ओढून बघा. गार घाम, नाडी बारीक आणि पळती, तगमग, "पाणी द्या, पाणी द्या" करणं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे इतका वेळ ओरडणारा माणूस एकदम शांत होतो. बाजूचे म्हणतात घाबरला होता, आता सावरला. ते सावरणं नाही हो, तो चाललाय.

आता उपाय. ठिबकची मेन लाइन मोटर चालू असताना फुटली तर तुम्ही काय करता? पाइपावर हळद टाकता का? वरून फडकं गुंडाळून लांब उभे राहता का? नाही, आधी भोकावर हाताचा तळवा गच्च दाबून धरता आणि दुसऱ्याला ओरडता की जा, मोटर बंद कर. इथेही तेच करायचंय, फक्त ही मोटर बंद करायची नाहीये.

आणि आपण करतो काय? हळद, चहापावडर, तंबाखू, चुना, राख, माती, कोळ्याचं जाळं, एक जण तर घासलेट घेऊन धावतो. खरचटलं असेल तर जाऊ द्या, पण मोठ्या नसेला ह्या सगळ्याचा शून्य उपयोग, ते रक्ताबरोबर वाहून जातं, उरतं ते जखमेत घाण करतं, आणि डबा शोधण्यात मिनिट दोन मिनिटं जातात ती वेगळीच. गंमत बघा, गंमत कसली, रडायचीच गोष्ट आहे. साप चावला की आपण सुतळीने, ट्यूबने पाय करकचून बांधतो, जिथे बांधू नका असं सगळे डॉक्टर ओरडून सांगतात. आणि पाय तुटून रक्त उडत असेल, जिथे खरोखर करकचून बांधायचं असतं, तिथे म्हणतो नको नको, पाय काळा पडेल.

पद्धत सांगतो, शिकवणारा माणूस येईल तो नीट दाखवेलच, पण सरपंचाला निदान माहिती तरी असावी की आपण कशावर सही करतोय.

आधी मशीन बंद. थ्रेशर असो, कडबाकुट्टी असो, ट्रॅक्टरच बंद करायचा, मोटर असेल तर मेन स्विच पाडायचा, नाहीतर वाचवायला गेलेल्याचा हात जातो. मग एकाने, एकानेच, फोन लावायचा. १०८ लावताना गावाबरोबर तालुका सांगायचाच, कारण आपल्याकडे पिंप्री आणि वडगाव इतकी आहेत की गाडी भलत्याच तालुक्यात जायची, आणि वावरात असाल तर एक माणूस मोटारसायकलवर डांबरीला उभा करा. बाकीच्यांनी व्हिडिओ काढायचे नाहीत.

त्याच वेळी दुसऱ्याने पेशंटला खाली कडक जागेवर आडवं करायचं, कपडा फाडून रक्त नेमकं कुठून येतंय ते बघायचं, आणि स्वच्छ कापड घेऊन थेट त्या जागेवर दोन्ही हातांनी, कोपरं सरळ ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून दाबायचं. हातात मोजे असतील तर उत्तम, नसतील तर प्लास्टिकची कॅरीबॅग हाताला गुंडाळा. आणि मग सोडायचं नाही. थांबलं का बघू म्हणून दर मिनिटाला उचलून बघणं ही आपल्या लोकांची खोड आहे, रक्ताची धरलेली गाठ तेवढ्यात निघून जाते आणि परत पहिल्यापासून. कापड भिजलं तर काढू नका, वर दुसरं ठेवा आणि अजून जोरात दाबा, आणि तरी येतच असेल तर समजा की तुम्ही जागा चुकताय किंवा जोर कमी पडतोय. अहिराणीत सांगायचं तर, दाबी धर रे भो, सोडू नको.

जखम जांघेत, काखेत किंवा मानेच्या बुडाशी खोल असेल तर वरून दाबून भागत नाही, तिथे पट्टाही बांधता येत नाही. मग कापडाची लांब पट्टी घेऊन बोटाने जखमेच्या आत, जिथून रक्त उसळतंय तिथपर्यंत, कोंबत जायचं. गच्च. पोत्यात तोंडापर्यंत माल भरतो तसं नाही हं, तळाशी नसेवर दाब पडला पाहिजे असं, आणि मग वरून मूठ नाहीतर गुडघा ठेवून दाबून बसायचं. पेशंट शिव्या देईल, देऊ द्या. छातीत आणि पोटात मात्र असं काही कोंबायचं नाही, तिथलं रक्त बाहेरून थांबत नाही, तिथे एकच उपाय, लवकरात लवकर ऑपरेशन होईल अशा ठिकाणी पोचवणं. सळई, फाळ, काच आत घुसलेली असेल तर ती ओढून काढायची नाही, तीच बूच असते, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं.

हाता-पायाचं रक्त दाबून थांबत नसेल, किंवा अंगच तुटून गेलं असेल, किंवा दाबायला माणूस मोकळा नसेल, तर पट्टा. त्याला टूर्निकेट म्हणतात. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, दोन-तीन इंच सोडून बांधायचा, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, सांध्याच्या वर घ्यायचा. जखम नेमकी कुठे ते कळत नसेल तर मांडीला किंवा दंडाला जितका वर जाईल तितका वर. आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत आवळायचा. अर्धवट आवळलेला पट्टा न बांधलेल्यापेक्षा वाईट, कारण तो रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद करतो आणि आत आणणारी धमनी चालूच राहते, मग उलट जास्त वाहतं. एकाने भागलं नाही तर त्याच्याच वर दुसरा. भयंकर दुखतं. दुखतंय म्हणजे नीट बसलाय असं समजा. किती वाजता बांधला ती वेळ मार्करने कपाळावर नाहीतर पट्ट्यावर लिहा, आणि दवाखान्यात डॉक्टर सोडेपर्यंत कुणीही सोडायचा नाही. आपण शाळेत शिकलो होतो ना की दर पंधरा-वीस मिनिटांनी ढिला करायचा, ते आता बाद झालंय, ढिला केला की तेवढं रक्त पुन्हा जातं.

विकतचा पट्टा नसेल तर आपलं उपरणं, दस्ती, ओढणी चालते. चार बोटं रुंद घडी घालायची, दोन वेढे, एक अर्धी गाठ, त्यावर पान्हा किंवा मजबूत काठी, वर पूर्ण गाठ आणि मग काठी पिळत जायचं, रक्त थांबलं की काठी तिथेच बांधून टाकायची. नुसत्या गाठीने काम होत नाही, पीळ पाहिजेच. कमरेचा पट्टा पिळता येत नाही म्हणून तो बिनकामाचा. तार, सुतळी, केबल तर अजिबात नको, ती मांस कापते. पण हे जुगाड सरकतं, सैल पडतं, म्हणून खरा पट्टा गावात असावा असं मी म्हणतोय.

पाय जाईल ही जी भीती आहे ना तिच्याबद्दल. साधारण दोन तासांपर्यंत पट्ट्याने सहसा कायमचं नुकसान होत नाही, आणि आपल्या बहुतेक गावांतून दोन तासांत तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचता येतं. सातपुड्यातल्या पाड्यांना जास्त लागेल, तरी सोडायचा नाही, तिथे निवड पाय का जीव अशी असते. इराकच्या लढाईत बगदादच्या अमेरिकन लष्करी दवाखान्यात २००६ मध्ये ह्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. माणूस शॉकमध्ये जाण्याआधी (म्हणजे रक्त जाऊन गार पडून ढासळण्याआधी, करंटचा शॉक नव्हे) ज्यांना पट्टा बांधला त्यांच्यातले दहातले नऊ वाचले, आणि शॉकमध्ये गेल्यावर ज्यांना बांधला त्यांच्यातला दहातला एक. पट्टा तोच, जखमा तशाच, फरक फक्त वेळेचा. आणि पट्ट्यापायी कुणाचा पाय कापावा लागला अशी एकही नोंद त्यात नव्हती.

मागे आमच्या फाट्याजवळ एका पोराची मोटारसायकल ट्रॉलीला मागून धडकली होती, पत्रा मांडीत घुसून बाहेर आलेला. पन्नास माणूस गोल करून उभं, "काय व्हयनं, काय व्हयनं" चाललेलं, एक जण पाणी पाजतोय, एक जण हवा घालतोय. तेवढ्यात एक राजस्थानचा ट्रक ड्रायव्हर गर्दीतून घुसला, कुणाशी काही न बोलता स्वतःचा गमछा गोळा करून जखमेत कोंबला आणि त्यावर गुडघा टेकवून बसला. मी गॉजचे रोल घेऊन गेलो तर म्हणाला पास में रख दो, और इनको बोलो पानी मत पिलाओ. गाडी येईपर्यंत तो माणूस हलला नाही, पाय बधिर झाला असेल त्याचा. गाडीतल्या डॉक्टरने सांगितलं तेव्हाच गुडघा काढला, पट्टा बांधून दिला आणि ट्रक घेऊन निघून गेला. पोरगं आज केळीच्या गाड्या भरतं. त्या ड्रायव्हरला हे कुठे शिकवलं होतं कुणास ठाऊक, पण त्या पन्नास माणसांत आमच्या गावचे चार मेंबर होते आणि त्यातल्या एकालाही हे येत नव्हतं.

पाण्यावरून आठवलं. पाणी, चहा, ग्लुकोज काही द्यायचं नाही, ऑपरेशनच्या वेळी उलटी होऊन ती श्वासात जाते. ओठ ओले करा हवं तर. आणि अंगावर गोधडी घाला. मे महिन्यात जळगावच्या ४४ डिग्रीत गोधडी सांगतोय म्हणून हसू नका, रक्त गेलेला माणूस आतून गार पडतो आणि गार रक्त गोठत नाही. सावलीत न्या, पण तोंडावर पाणी मारणं, ओली फडकी ठेवणं नको. तुटलेलं बोट किंवा हात सापडला तर स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, थेट बर्फावर नाही. पण हे सगळं रक्त थांबल्यावर, आधी बोट शोधायला पळू नका. दुसरं एक, हात पूर्ण तुटला तर कधी कधी रक्त कमी दिसतं, कारण तुटलेली नस आकसून आत जाते, अर्धी कापलेली नस जास्त वाहते. कमी दिसतंय म्हणून पट्टा टाळू नका, ती केव्हाही सुटते.

आणि नेताना मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. हे फार बघितलंय मी. मागचा पेशंटला धरेल का जखमेला? पिकअप बघा, आडवा झोपवा, एक माणूस फक्त दाबायला बसवा.

आता तुमच्या गावात हे कुठे लागेल ते तुम्हीच मोजा. ज्वारी-मक्याच्या टायमाला थ्रेशर, वर्षभर कडबाकुट्टी, वेल्डिंगच्या दुकानातलं ग्राइंडरचं चक्र, ऊसतोडीला जाणाऱ्यांचा कोयता. पोळ्याला बैल बिथरून शिंग जांघेत घालतो ते. यात्रेतल्या बारागाड्या, त्या ओढताना चाकाखाली माणूस येतो हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, यात्रा कमिटीने भगताच्या बरोबरीने एक पट्टा बांधता येणारा माणूस उभा करायला काय हरकत आहे? संक्रांतीला नायलॉन मांजा, २०१७ पासून देशभर बंदी असून मिळतो तो मिळतोच. मांजाने गळा कापला तर गळ्याभोवती काही आवळायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो, जिथून येतंय तिथेच एका बाजूने बोटांनी दाबायचं, श्वास चालू राहील असं, दोन्ही बाजू एकदम नाही. डायलिसिसवाले पेशंट पण आता गावोगाव झालेत, त्यांच्या हाताची फिश्चुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली नस) फुटली तर धमनीसारखंच उडतं, तिथे दोन बोटांनी नेमक्या भोकावर दाबलं की काम होतं, घरच्यांना हे माहिती पाहिजे.

जिनिंगवाल्यांना पण ग्रामपंचायतीने पत्र द्यावं. दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट असलेला माणूस, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच लिहून ठेवलं होतं. पेट्या असतात हो, भिंतीवर लटकलेल्या, कुलूप लावून, आणि किल्ली शेठच्या मुनिमाकडे, तो जेवायला घरी. उघडल्यावर आत काय, तर चिकटपट्ट्या आणि सुकलेली मलमाची ट्यूब.

"पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल" हे तर प्रत्येक वेळी ऐकू येतं. सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ ला ह्या बाबतीत स्पष्ट निकाल दिलाय, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ ए हे कलम आलंय. रस्ता अपघातात चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव-गाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. आणि दवाखाना सरकारी असो नाहीतर खाजगी, पोलीस केस आहे म्हणून जीव वाचवणारा इलाज अडवता येत नाही, हे कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. हे दोन-तीन ओळींत मोठ्या अक्षरात पंचायतीच्या भिंतीवर लिहा, तिथे तसंही "स्वच्छ गाव सुंदर गाव" वरचा रंग उडालाय.

पैशाचं बोलू. शेतकरी अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. चांगली योजना आहे, तिचे कागद करायला तुम्ही लोक पळता हे मी बघितलंय. मी म्हणतोय त्या पिशवीत दोन चांगले पट्टे, गॉजचे आठ-दहा रोल, क्रेप बँडेज, हातमोजे, जाड कात्री आणि एक मार्कर, एवढंच. पट्टा ऑनलाइनवरचा शंभर-दोनशेचा घेऊ नका, त्याची दांडी पिळतानाच तुटते, आणि लॅबवाले रक्त काढताना बांधतात तो रबरी पट्टा म्हणजे हा नव्हे. चांगला घेतला तर काही हजारांची गोष्ट आहे, वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून बसते का ते ग्रामपंचायत अधिकारी साहेबांनी बघावं, नाहीतर थ्रेशर मालकांनी वर्गणी काढावी, एका सीझनच्या कमाईत त्यांना कळणारही नाही. पिशवी पंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवायची नाही. एक पिठाच्या गिरणीवर, एक स्टँडवरच्या हॉटेलात, एक ज्याच्याकडे थ्रेशर आहे त्याच्या ट्रॅक्टरवर. जिथे रात्री-बेरात्री माणूस सापडतो तिथे.

शिकवायला ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र द्या, मेडिकल कॉलेजं आता तिन्ही जिल्ह्यांत आहेत, त्यांना द्या, १०८ वरच्या डॉक्टरांना विनंती करा. तास-दीड तासाचं काम आहे. पण भाषण नको, प्रत्येकाच्या हातात पट्टा देऊन दुसऱ्याच्या मांडीवर बांधायला लावा, आणि बटाट्याच्या कट्ट्यात भोक पाडून गॉज कोंबायला लावा. कुणाला बसवायचं? आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल हे तर आलेच, पण खरे म्हणजे थ्रेशरवाले, जेसीबीवाले, कालीपिलीचे ड्रायव्हर, केळी कटाईचे मुकादम, आणि मजूर बाया, कारण वावरात ऐनवेळी त्याच हजर असतात आणि पदर फाडून दाबायला त्या कमी करत नाहीत, फक्त कुठे आणि किती हे कुणी सांगितलेलं नसतं. एक गोष्ट शिकवणाऱ्याला मुद्दाम सांगायला लावा, ती म्हणजे वेळ लिहून ठेवणं. दवाखान्यात रक्त थांबायला ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचं इंजेक्शन देतात, ते जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत गेलं तर उपयोगी, उशिरा दिलं तर उलट त्रास, आणि नेमकं किती वाजता लागलं हे विचारल्यावर आपली माणसं "झाला असेल तासभर" असं सांगतात. (ते इंजेक्शन माझ्याकडे मागायला येऊ नका, ते डॉक्टरांचं काम आहे.)

ग्रामसभा १५ ऑगस्टला होते, २ ऑक्टोबरला होते, २६ जानेवारी आणि १ मेला होते. कुठलीही धरा, पण पोळ्याच्या आधीची सापडली तर बरं. ठरावाचा मजकूर मी अर्ध्या पानात लिहून ठेवलाय, झेरॉक्स काढून दुकानात ठेवल्यात, येता-जाता घेऊन जा. ठराव झाल्यावर सामानाची यादी माझ्याकडूनच घ्यावी असं काही नाही, धुळ्या-जळगावच्या होलसेलला स्वस्त पडेल, मी पत्ता देतो. दुकान सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत उघडं असतं, दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं पण मी आतच असतो, हाक मारा.

आपला,
फाट्यावरचा मेडिकलवाला